पालथी चरवी

माणसानं मनात डूख धरू नये, असं आमची आई सगळ्या गल्लीला सांगायची आणि स्वतः मात्र जावेनं तिला कुठल्या साली हळदी-कुंकवाला बोलावलं नव्हतं, ते साडीच्या रंगासकट सांगायची. मी तिचीच लेक. आठवीत असताना डोंगरे सरांवर मी जो डूख धरला, तो आज पन्नाशी येऊन ठेपली तरी उतरलेला नाही. सर आता नाहीत. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात, म्हणून ते होते तेव्हाच मी बरंचसं बोलून घेतलं. जे उरलं ते इथं लिहिते आहे. वाचणाऱ्याला वाटेल, बाई फार खुनशी आहे. तर ती आहे.

आमचं घर म्हणजे पुढं गोठा आणि मागं माणसं. कोल्हापुरात गंगावेशीकडच्या एका बोळात तीन म्हशी, एक रेडकू आणि आम्ही तिघं राहत होतो. चंद्री, मुकी आणि बाळी अशी म्हशींची नावं. मुकी कधी ओरडायची नाही आणि बाळी वयानं सगळ्यांत थोरली होती, पण एकदा पडलेलं नाव कोण बदलणार. घरात शिरायचं तर चंद्रीच्या शेपटीचा एक फटका खाऊनच शिरावं लागे. भिजवलेल्या सरकीच्या पेंडीचा वास माझ्या दप्तराला, रिबिनींना, पाटीच्या स्पंजला येई आणि शाळेत वैशाली नावाची मुलगी माझ्या शेजारी बसताना नाकाला रुमाल लावी. मला त्याचं काही वाटत नसे, कारण डबा उघडला की तीच वैशाली माझ्या भाकरीवरची साय मागायला यायची. बोटभर जाडीची साय, तिच्यावर चिमूटभर मीठ किंवा गुळाचा खडा, आणि ज्वारीची भाकरी. म्हैस व्याली की चार दिवस खरवस. आई त्यात वेलदोडा घालायची नाही. चिकाचा वास ज्याला सोसत नाही त्यानं खरवस खाऊ नये, असं तिचं म्हणणं होतं.

पहाटे मला जाग यायची ती धारेच्या आवाजानं. रिकाम्या पितळी चरवीत पहिली धार पडली की टणटण वाजायची, मग तळ झाकला की आवाज बसका व्हायचा, आणि चरवी भरत आली की नुसती घुसघुस. अंथरुणात डोळे मिटून मी सांगू शकायचे की आता आप्पा चंद्रीखाली बसलेत की बाळीखाली. आप्पा म्हणजे माझे वडील. बोलणं कमी. जे काही बोलायचं ते म्हशींशी बोलून घ्यायचे आणि आमच्या वाट्याला उरलंसुरलं यायचं.

संध्याकाळी आप्पा म्हशी घेऊन कट्ट्यावर जायचे. कोल्हापूरच्या माणसाला कट्टा सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी सांगते. दूध विकायला नेत नाहीत, म्हैसच नेतात. गिऱ्हाईक ग्लास घेऊन समोर उभं राहतं, त्याच्या डोळ्यांदेखत धार काढायची आणि फेसासकट ग्लास त्याच्या हातात द्यायचा. पिणाऱ्याच्या ओठावर पांढरी मिशी उमटली पाहिजे. तालमीतले पैलवान यायचे, ऑफिसातून सुटलेले कारकून यायचे, लेकुरवाळ्या बायका यायच्या. इथं दूध उकळत नाहीत, थंड करत नाहीत, साठवत नाहीत. आप्पा म्हणायचे, "निवलं की ते दूध न्हाय, नुसतं पांढरं." आमच्या घरात दुधाचा खरेपणा त्याच्या उबेवर ठरायचा. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण त्या उबेनंच आमचा घात केला.

डोंगरे सर आम्हाला विज्ञान शिकवायचे. उंच, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. वाईट शिकवत होते असं मी म्हणणार नाही. त्यांना शंका विचारलेली आवडत नसे, एवढंच. एका शनिवारी त्यांनी जाहीर केलं, की सोमवारी आपण वेगवेगळ्या दुधांची घनता मोजणार, ज्याच्या घरी जे दूध असेल ते त्यानं आणावं. त्यांच्या हातात लॅक्टोमीटर होता. काचेची नळी, खाली फुगा, फुग्यात शिशाच्या गोळ्या, वर बारीक आकडे. दाट दुधात ती नळी वर तरंगते आणि आकडा मोठा दिसतो. पातळ दुधात खाली बुडते आणि आकडा लहान होतो. सर म्हणाले, "चांगल्या दुधाचा आकडा अठ्ठावीसच्या वर पायजे. खाली गेला की समजायचं, पाणी. काच खोटं बोलत न्हाय."

मी घरी येऊन आप्पांना सांगितलं. मला वाटलं होतं ते नुसती मान हलवतील. पण ते हरखले. शाळेनं त्यांच्याकडं आजवर कधी काही मागितलं नव्हतं. आई म्हणाली, "सकाळचं दूध दे की बाटलीत भरून." आप्पा तिच्याकडं बघतच राहिले. "शाळंत शिळं दूध धाडू व्हय? सर काय म्हणतील?" ठरलं असं, की सोमवारी तास सुरू व्हायच्या वेळेला आप्पा चंद्रीची धार काढून स्वतः सायकलवरनं आणून देतील. चंद्रीला त्या वेळेला पिळायची सवय नव्हती, म्हणून पहाटे तिचं अर्धंच दूध काढलं, आणि वर तिला मूठभर जादा पेंड दिली.

सोमवारी सरांनी फळ्यावर तीन रकाने आखले: नमुना, वाचन, शेरा. वैशालीनं पिशवीचं दूध आणलं होतं, त्याचा आकडा एकोणतीस, शेरा 'चांगले'. एका मुलाच्या घरची जर्सी गाय होती, तिचा अठ्ठावीस, 'चांगले'. सरांनी स्वतःच्या घरचं दूध डब्यातून आणलं होतं, ते तीस, 'उत्तम'. आणि तेवढ्यात वर्गाच्या दारात आप्पा. डोक्याला पटका, कपाळावर घाम, आणि चरवी टॉवेलात गुंडाळून अशी छातीशी धरलेली, की जणू बाळंतिणीनं पोर धरलंय. निवू नये म्हणून त्यांनी टॉवेल दोन पदरी केला होता. वर बोटभर फेस होता. मी उठून उभी राहिले. खरं सांगते, त्या क्षणी माझ्याइतकी ताठ मान त्या वर्गात कुणाची नव्हती.

सरांनी दूध उंच भांड्यात ओतलं, लॅक्टोमीटर सोडला, आणि तो बुडाला. पार खाली गेला. सरांनी वाकून बघितलं, चष्मा काढून परत बघितलं. मग खडू उचलला आणि लिहिलं, 'म्हशीचे दूध: तेवीस.' आणि शेऱ्याच्या रकान्यात, जरा मोठ्या अक्षरात, 'भेसळ.'

वर्ग हसला. चाळीस पोरं हसली की केवढा आवाज होतो हे ज्याच्यावर हसलेत त्यालाच माहीत. आप्पा दारातच होते. त्यांना वाचता यायचं. ते आत आले आणि फार हळू आवाजात म्हणाले, "सर, आत्ता काढलंय. हात लावून बघा, ऊन हाय अजून."

सरांनी हात लावला नाही. लावला असता तर ही गोष्ट झालीच नसती. त्यांनी हसून वर्गाकडं बघितलं आणि म्हणाले, "चौगुले, मी तुमाला काय म्हणत न्हाय. काच म्हणतीया. काच खोटं बोलत न्हाय."

आप्पांनी भांड्यातलं दूध परत चरवीत ओतून घेतलं, टॉवेलानं बाकावरचे डाग पुसले आणि गेले. मी दुपारी घरी आले तेव्हा ती चरवी चंद्रीच्या पुढ्यात होती आणि आप्पा तिच्या शेजारी उकिडवे बसून तिला सांगत होते, "बघ गं, तुज्या दुधात पाणी हाय म्हणं."

पोरांनी माझं नाव 'नळ' ठेवलं. ते मी सोसलं असतं. पण सरांना आपल्या प्रयोगाचं कौतुक फार, आणि ते त्यांनी पानाच्या टपरीवरही सांगितलं. कट्टा तिथून हाकेच्या अंतरावर. तिसऱ्या दिवशी आप्पांचे रोजचे गिऱ्हाईक रामूतात्या, ज्यांनी लग्नाआधीपासून आमचंच दूध प्यायलं होतं, ग्लास पुढं करत म्हणाले, "काय चौगुले, नळ कुठल्या म्हशीला बशीवलाय?" लोक हसले. तात्यांनी थट्टा केली होती, त्यांच्या मनात काही नव्हतं. पण कोल्हापुरात थट्टा एकदा सुटली की गावभर फिरून अंगात नवी कापडं घालून परत येते. डोळ्यांसमोर धार काढतात तर पाणी घालणार कसं, असा प्रश्न कुणाला पडायला हवा होता. त्याऐवजी लोकांनी उत्तरं शोधली. कुणी म्हणालं, म्हशीला मीठ चारून पाणी पाजतात. कुणी म्हणालं, चरवीच्या तळाला आधीच पाणी असतं, वरनं फेस आला की काय दिसतंय.

हे दुसरं आप्पांच्या कानावर आलं. त्या संध्याकाळपासून त्यांनी एक नवीनच सुरू केलं. गिऱ्हाईक समोर आलं, की चरवी पालथी करायची, तळावर दोन टिचक्या मारायच्या, टण टण, गिऱ्हाइकाच्या तोंडाकडं बघायचं, आणि मग खाली बसून धार काढायची. प्रत्येक गिऱ्हाइकाला. लहान पोरालासुद्धा. रामूतात्या पहिल्यांदा हे बघून म्हणाले, "अवो आप्पा, मी गमतीनं म्हटलं की." आप्पा म्हणाले, "असू दे तात्या. बघून घ्या." मी कट्ट्यावर ग्लास विसळायला जायचे. त्या टिचक्या मला माझ्या कानशिलात वाजल्यासारख्या लागायच्या. मी तिथंच ठरवलं, की डोंगरे सरांना ह्याच कट्ट्यावर आणून उभं करायचं. कसं ते ठाऊक नव्हतं.

दिवाळीच्या सुट्टीत मी मुरगूडजवळ आजोळी गेले. माझा तुकामामा गावच्या दूध संस्थेत दूध तपासायचा. सकाळ-संध्याकाळ लोक किटल्या घेऊन रांगेत उभे राहायचे आणि मामा एकेकाचं दूध मोजायचा. त्याच्यापाशी लॅक्टोमीटर बघितला आणि माझं डोकंच उठलं. मी त्याला सगळं सांगितलं. मला वाटलं मामा हळहळेल. तो हसायलाच लागला.

"ऊन दुधात घातला त्येनं? फेसासकट?" मामा म्हणाला. "अगं येडे, धारोष्ण दुधाच्या पोटात हवा असतीया. आनि ऊन असलं की कुटलंबी दूध पातळच दिसतंय. निवू द्यायचं, फेस बसू द्यायचा, मग मोजायचं. हे आमच्या संस्थेतल्या शिपायालाबी ठावं हाय."

मग त्यानं मला करून दाखवलं. एका म्हशीचं आत्ताच काढलेलं दूध मोजलं: चोवीस. तेच झाकून ठेवलं आणि जेवणं झाल्यावर मोजलं: तीस. मी त्या आकड्याकडं किती वेळ बघत होते कुणास ठाऊक. मामा पुढं म्हणाला, "आनि दुसरी गंमत सांगू? साय काढून घेटली की दूध उलटं जड हुतंय. मग त्यात पाणी घालून आकडा बरूबर आणायचा. लबाड माणसं तेच करत्यात. म्हणून तर आमी काचंवर भरवसा ठेवत न्हाय, फॅट किती हाय ते बघतो."

त्या रात्री मी दोन ताटं जेवले. मला शस्त्र मिळालं होतं, तेही दोन धारांचं. दुसरी कुणी शहाणी मुलगी असती तर सुट्टी संपल्यावर सरांकडं गेली असती आणि म्हणाली असती, सर, असं असं आहे. सरांनी कदाचित मानलंही असतं, खोलीत, दोघांतच. मला ते नको होतं. वर्गापुढं लिहिलेलं खोलीत पुसून चालणार नव्हतं. जानेवारीत शाळेचं विज्ञान प्रदर्शन असायचं. पालक यायचे, मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका यायच्या, आणि तालुक्याला कुठला प्रयोग पाठवायचा ते ठरवायला प्रत्येक टेबलाचं मूल्यमापन डोंगरे सर करायचे. छापील कागदावर, सहीनिशी. मी अडीच महिने गप्प बसले. आप्पांनाही सांगितलं नाही. ते म्हणाले असते, "सर हायत ते. सोड."

अडचण एकच होती, मला पाणी घालायचा सराव करायला हवा होता. साय काढलेल्या दुधात नेमकं किती पाणी घातलं की आकडा तीसवर येतो, हे करून बघितल्याशिवाय कळणार नव्हतं. मामानं मला संस्थेतला एक जुना लॅक्टोमीटर दिला होता. एका दुपारी आई बाहेर गेलेली बघून मी मागच्या दारी नळाखाली दुधाचं पातेलं धरलं आणि वाटीवाटीनं पाणी घालत होते. मागून आवाज आला नाही, थेट हातच आला. असा सणसणीत मारला की पातेलं हातातून पडलं.

"दुधात पाणी?" आई ओरडली. "ह्या घरात? आगं, गाव म्हणतंय ते काय कमी हाय व्हय, म्हणून तू खरं करून दावतीयास?"

मी रडत रडत सगळं सांगितलं. मामाचं, प्रदर्शनाचं, सहीचं. आई ऐकत होती. तिचा चेहरा हळूहळू बदलत गेला. शेवटी तिनं पदर खोचला, दुसरं पातेलं आणलं, आणि त्यातली साय अशी निगुतीनं काढली की एक कण मागं राहिला नाही.

"मग नीट घाल," ती म्हणाली. "सोडायचा न्हाय त्येला."

म्हणून म्हणते, मी तिचीच लेक. आमच्या घराच्या इतिहासात दुधात पाणी पहिल्यांदा पडलं ते आईच्या देखरेखीखाली पडलं. चार-पाच दुपारी आम्ही दोघी नळाशी बसलो. आकडा तीसवर टेकला की आई "थांब!" म्हणून ओरडायची, आणि पाणी घातलेलं ते दूध चहाला वापरायलाही ती तयार नसायची, सगळं रेडकाला.

प्रदर्शनाच्या दिवशी माझ्या टेबलावर तीन उंच भांडी होती. तिन्हींना मी रंगीत कागद गुंडाळला होता आणि वर अ, ब, क लिहिलं होतं. कागद दिसायला छान होता, पण खरं कारण वेगळं होतं: भांड्याला हात लागला तरी आतलं गरम आहे का गार ते कळू नये. आई ऐन वेळेला स्वतः धार काढून चरवी शालीत गुंडाळून घेऊन आली. मी वरचा फेस पळीनं काढून टाकला. समोर पाटी, 'तीन नमुन्यांची घनता.' नाव फारच साधं होतं. शेजारच्या टेबलावर ज्वालामुखी होता, तिथं जास्त गर्दी होती. सर आले तसे मोठ्या बाई आणि पाच-सहा पालकही त्यांच्याबरोबर आले. रामूतात्याही होते, त्यांचा नातू आमच्या शाळेत होता. सरांनी पाटी बघितली आणि मला बघितलं.

"काय चौगुले, आज तरी चांगलं दूध आणलंस न्हवं?"

मी मान खाली घातली. मला मान खाली घालणं त्या दिवशी फार छान जमलं. "सर, वाचन तुम्हीच घ्या," मी म्हटलं. "माझं चुकंल. आणि शेरा पण तुम्हीच लिहा."

सर खूश झाले. त्यांनी लॅक्टोमीटर मोठ्या बाईंना समजावून सांगितला, काच खोटं बोलत नाही हेही सांगितलं. मग एकेक मोजलं आणि कागदावर लिहिलं. नमुना अ: चोवीस, पाण्याची भेसळ. नमुना ब: तीस, उत्तम, शुद्ध दूध. नमुना क: एकतीस, उत्तम. मी त्यांना पेन्सिल दिली नव्हती, पेन दिलं होतं. खाली त्यांनी सही केली, दोन रेघांची, झोकदार.

"आता सांग, कुठलं कुणाचं?" मोठ्या बाईंनी विचारलं.

मी पहिल्यांदा ब घेतलं. म्हटलं, "बाई, ह्यातली साय काढलीय आणि मग नळाचं पाणी घातलंय. मी घातलंय, आईसमोर. सर म्हणाले शुद्ध." मग क वर हात ठेवला. "हे आमच्या चंद्रीचं पहाटेचं दूध, निवलेलं." आणि मग अ चा कागद काढला. "हे पण चंद्रीचंच. आत्ता अर्ध्या तासापूर्वी काढलंय. बाई, तुम्ही हात लावून बघा."

बाईंनी भांड्याला हात लावला. त्यांनी सरांकडं बघितलं. रामूतात्या पुढं झाले, त्यांनीही हात लावला. मग बाकीच्यांनी. सरांचं मात्र तेव्हाही धाडस झालं नाही. त्यांचा चेहरा आधी लाल झाला, मग पिवळा पडला. ते म्हणाले, "दूध गरम आहे हे तू सांगायला पायजे होतंस."

"आप्पांनी सांगितलंतं, सर," मी म्हटलं. "हात लावून बघा म्हणाले होते."

हे वाक्य मी अडीच महिने पाठ केलं होतं. कधी अंघोळीत, कधी ग्लास विसळताना, कधी सरांच्याच तासाला त्यांच्या तोंडाकडं बघत. ते जसं म्हणायचं तसंच म्हणून झालं. मी वर एवढंच जोडलं, "काच खोटं बोलत न्हाय की, सर," आणि ज्वालामुखीकडची सगळी गर्दी माझ्या टेबलाकडं आली. अ भांडं मी तसंच ठेवलं. ते निवल्यावर दोन वाजता मोठ्या बाईंनी स्वतः मोजलं, एकोणतीस भरलं. काय हशा पिकला ते विचारू नका. त्यानंतर सरांना पोरं मागून 'चोवीस' म्हणायची, सर निवृत्त होईपर्यंत म्हणायची, आणि ते नाव कुणी पाडलं हे मी कधी कुणाला सांगितलं नाही. आता सांगते, मी पाडलं.

मोठ्या बाईंनी माझी पाठ थोपटली, प्रयोग तालुक्याला पाठवू म्हणाल्या. मी म्हटलं, "बाई, तालुक्याला नको. सरांनी कट्ट्यावर येऊन आमच्या आप्पांना सांगावं." बाई सरांकडं वळून म्हणाल्या, "जा, डोंगरे. जायला पाहिजे तुम्ही."

सर तिसऱ्या दिवशी आले. संध्याकाळची गर्दी होती. रामूतात्यांनी बातमी आधीच पसरवली होती, त्यामुळं ज्यांना दूध प्यायचं नव्हतं तेही आले होते. सर चंद्रीपाशी येऊन उभे राहिले. तोच पांढरा शर्ट, दोन पेनं. ते सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले, "आप्पा, चूक माझी हुती. तुमचं दूध चोख हाय." मला हे हवं होतं. अगदी हेच, इथंच, ह्याच माणसांपुढं. मी हातातला ग्लास घट्ट धरून आप्पांकडं बघत होते. मला वाटलं, आता ते काहीतरी बोलतील. निदान एकदा मान वर करून बघतील.

आप्पा म्हणाले, "झालं ते झालं सर. दूध घ्या." आणि त्यांनी चरवी उचलली, सरांच्या समोर पालथी केली, तळावर दोन टिचक्या मारल्या.

"अवो, आता कशाला?" सर म्हणाले.

"असू दे. बघून घ्या," आप्पा म्हणाले, आणि धार काढायला बसले.

लोकांना वाटलं आप्पांनी सरांना चांगलीच चपराक दिली. तात्या तर वर्षभर ते सांगत होते. पण मी आप्पांचा चेहरा बघितला होता. त्यात टोमणा नव्हता, राग नव्हता. रोज सगळ्यांसमोर करायचे तसंच त्यांनी सरांसमोर केलं. आणि दुसऱ्या दिवशीही केलं. तात्या म्हणाले, "आप्पा, आता सरांनीच सांगितलं की." आप्पांनी नुसती मान हलवली आणि चरवी पालथी केली. मी घरी येऊन आईला म्हटलं, "अजून का करत्यात ते?" आई भाकरी थापत होती. ती थांबली नाही. म्हणाली, "सर सांगून गेलं. आता ह्येंच्या हाताला कोण सांगणार?"

पुढं मी दुधाच्याच प्रयोगशाळेत नोकरी धरली. दुधाला हात लावल्याशिवाय मी आजवर एकही नमुना मोजलेला नाही. सरांच्या निवृत्तीच्या समारंभात चार शब्द बोला म्हणून शाळेनं बोलावलं होतं, मी गेले नाही. गेल्या वर्षी कट्ट्यावर गेले होते. एक कोवळा गवळी चरवी पालथी करून टिचक्या मारत होता आणि पुण्याकडचे दोघे पाहुणे मोबाईलवर त्याचा फोटो काढत होते. मी विचारलं, "हे कशासाठी रे?" तो म्हणाला, "कोल्हापूरची जुनी पद्धत हाय, काकी." मी दूध न पिता परत आले.

पण मला सांगायचं आहे ते त्याच्या कितीतरी आधीचं. म्हशी विकून झाल्या होत्या, आई गेली होती, आप्पा माझ्याकडं राहायला आले होते. हात थरथरायचे, तरी माझ्या मुलीला, मुक्ताला, दूधभात तेच भरवायचे. ती तेव्हा पहिलीत. एका सकाळी मी डबा भरत होते आणि ती दोघं स्वयंपाकघरात पाटावर बसली होती. मुक्तानं वाटी पुढं केली. आप्पांनी ती घेतली, तिच्यासमोर पालथी केली, थरथरत्या बोटानं तळावर दोन टिचक्या मारल्या आणि तिच्या तोंडाकडं बघत राहिले. ती खळखळून हसली. "आजोबा, जादू करताय?"

"बघून घे, बाळ," आप्पा म्हणाले, आणि तिनं मान डोलवेपर्यंत त्यांनी वाटीत दूध ओतलं नाही.

मी डबा तसाच टाकून मागच्या दारी गेले. डोंगरे सरांना जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. मी नळ सोडला, घरात आवाज जाऊ नये म्हणून, आणि त्यांना तोंड भरून शिव्या घातल्या.